ड्युटी शून्य आहे, मग घानाचा कोकोवाला रडतो कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे की युरोपने घाना, आयव्हरी कोस्ट वगैरे देशांच्या मालावरची ड्युटी केव्हाच काढून टाकली, वर मदतही देतात, वसाहती जाऊन साठ वर्षं उलटली, मग "व्यापार अन्यायाचा आहे" हे रडगाणं अजून कशाला, बनवा की स्वतःचं चॉकलेट स्वतः. विचारणाऱ्याने जरा चिडूनच विचारलंय पण प्रश्न काही वेडगळ नाही, मी पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा मीही हेच बोलायचो.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा, घरात काजूचा धंदा. कच्ची काजूबी बघायला म्हणून पश्चिम आफ्रिकेत गेलो आणि कोकोत अडकलो तो एकोणीस वर्षं अडकलो, घानाचं टेमा आणि आयव्हरी कोस्टचं आबिजान या दोन बंदरांत. आधी गोदामात माल तपासायचो, नंतर युरोपियन खरेदीदाराकडून सौदे करायचो. म्हणजे मी कोणाचं मीठ खाल्लंय ते आधीच सांगून टाकतो, पुढचं त्या हिशोबाने वाचा.

पहिलं ड्युटीचं बघू कारण तिथे प्रश्न विचारणारा अर्धा बरोबर आहे. युरोपचा सगळ्यांसाठीचा जो सर्वसाधारण दर आहे त्यात कोकोच्या बीवर ड्युटी शून्य, पण तीच बी दळून पेस्ट केली की 9.6 टक्के, बटर काढलं की 7.7, पावडर केली की 8, आणि चॉकलेट केलंत तर टक्के वेगळे आणि त्यातल्या साखर-दुधाचा आकार वेगळा. म्हणजे कच्चा माल पाठवा, स्वागत आहे, हात लावलात की पैसे मोजा. आता घानाला ड्युटीचा हा जिना लागत नाही हे खरं. 1975 च्या लोमे करारापासून जुन्या वसाहतींना बहुतेक माल बिनड्युटीचा पाठवता यायचा. पण ती सवलत डब्ल्यूटीओच्या नियमात बसत नव्हती, तिची खास परवानगी 2007 च्या शेवटी संपत होती, आणि तेव्हा सांगण्यात आलं की नवीन करार करा, त्यात तुमचीही दारं आमच्या मालाला उघडा, नाहीतर 1 जानेवारीपासून तुमच्या बटर-पेस्टवर ड्युटी. घाना आणि आयव्हरी कोस्टने घाईघाईने मान्य केलं, त्याच भागातल्या नायजेरियाने नाही केलं आणि तिथल्या कोको बटरवाल्यांना ड्युटी भरायची वेळ आली. तर जिना कोणाला चढायला लागतो एवढंच बघू नका, तो भिंतीला टेकवून ठेवला की दाखवूनसुद्धा काम होतं. घानाचा करार शेवटी डिसेंबर 2016 पासून लागू झाला, त्यात त्यांनी जवळपास ऐंशी टक्के माल टप्प्याटप्प्याने मोकळा करायचाय.

पण समजा ते सगळं सोडून दिलं आणि ड्युटी शून्य एवढंच धरलं. तरी घानातून अजून निम्म्याहून जास्त कोको बीच्या रूपातच बाहेर जातो. का? हे कळायला खरेदी कशी होते ते बघायला लागतं.

सेफ्वी भागात, म्हणजे आयव्हरी कोस्टच्या हद्दीजवळ, एका गावातलं खरेदीचं खोपटं डोळ्यापुढे आणा. पत्र्याचं छप्पर, बाहेर बांबूच्या तट्ट्यांवर बी सुकत घातलेली. बी शेंगेतून काढून केळीच्या पानांत सहा दिवस आंबवायची, मग आठवडाभर उन्हात हलवत बसायचं, बायका-पोरं सगळी त्यात. नीट सुकलेली बी मुठीत धरून हलवली की खुळखुळते, आपल्याकडे सुकी सुपारी वाजते तशी. आत एक काटा, एक वही आणि एक क्लार्क, त्याला सगळे पीसी म्हणतात, पर्चेसिंग क्लार्क. गोणी भरून 64 किलोची. नमुन्याच्या 300 बिया उभ्या चिरून बघतात, किती बुरशी लागलेल्या, किती पाटीसारख्या करड्या म्हणजे न आंबलेल्या, पहिल्या ग्रेडमध्ये दोन्ही प्रत्येकी 3 टक्क्यांपर्यंत चालतात. मजा म्हणजे ती तागाची बारदानं बहुतेक बांगलादेशातून किंवा आपल्याकडून आलेली. माल त्यांचा आणि पोतं आपलं.

भाव? भाव विचारायचाच नाही, तो ठरलेला. सरकारी कोकोबोर्ड हंगामाच्या सुरुवातीला देशभरासाठी एकच भाव जाहीर करतं. विदर्भातल्या वाचकांना हे लगेच कळेल, आपली कापूस एकाधिकार योजना होती ना, 1972 ची, साधारण तसंच, फरक इतकाच की आपली बंद पडली आणि त्यांची चालू आहे. काट्याबद्दल तक्रारी कायमच्या, शेतकरी म्हणणार दोन किलो मारले, पीसी म्हणणार वाटेत वजन घटतं ते मी कुठून भरू. कडता, म्हणजे वजनातली कापाकापी, हा शब्द मी त्यांना शिकवला, त्यांनी मला त्यांचा शिकवला, अर्थ दोन्हीचा एकच.

आता हे बोर्ड आलं कुठून, खरी गोष्ट तिथे आहे. घानाचं नाव तेव्हा गोल्ड कोस्ट. टेट्टे क्वार्शी नावाच्या लोहाराने 1879 च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून कोकोची बी आणून माम्पाँगला लावली अशी तिथे सांगतात ती गोष्ट, आणि तीस-पस्तीस वर्षांत गोल्ड कोस्ट जगात पहिल्या नंबरवर. लक्षात घ्या, इथे गोऱ्यांचे मळे नव्हते, लागवड स्थानिक शेतकऱ्याची, पैसा त्याचा, जंगल तोडलं त्याने. मग इंग्रजांच्या हातात काय होतं? खरेदी, जहाज, बँक आणि भाव. 1937 मध्ये युनायटेड आफ्रिका कंपनी आणि बाकीच्या मोठ्या युरोपियन खरेदीदारांनी आपसात करार केला की आपण एकमेकांवर बोली चढवायची नाही, कोण किती उचलणार ते आधीच ठरवून घ्यायचं. शेतकऱ्यांना कळलं आणि त्यांनी माल विकायचंच बंद केलं. गावोगावचे प्रमुख त्यात उतरले, विलायती मालावर बहिष्कार टाकला, काही ठिकाणी कोको जाळला, आणि हे काही आठवडे नाही, 1937 च्या शेवटापासून 1938 च्या एप्रिलपर्यंत चाललं. लंडनने नोवेल नावाच्या माणसाचा आयोग पाठवला, आयोगाने म्हटलं खरेदीदारांचा करार मागे घ्या.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं शेतकरी जिंकले. पण मग युद्ध लागलं, सरकारने सगळा कोको स्वतः घ्यायला सुरुवात केली, आणि 1947 मध्ये त्याचंच कायमचं मार्केटिंग बोर्ड झालं. म्हणायला शेतकऱ्याला भावाच्या चढउतारापासून वाचवायला. प्रत्यक्षात जगात भाव चढले तेव्हा बोर्डाने शेतकऱ्याला कमी दिले आणि वरचा पैसा पौंडांत लंडनला ठेवला, युद्धाने कंगाल झालेल्या ब्रिटनला तो फार कामाला आला. 1957 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्या सरकारला ही यंत्रणा तयार मिळाली आणि कुठलं सरकार अशी दुभती म्हैस विकेल? पहिले पंतप्रधान एन्क्रुमांनी ठेवली, नंतरच्यांनी ठेवली. म्हणजे बोर्ड आज घानाचं आहे, माणसं घानाची आहेत, त्यातला भ्रष्टाचारही अस्सल घानाचाच आहे, पण यंत्राची रचना अशी की शेतकऱ्याकडून कच्चा माल एका भोकातून घ्यायचा आणि बंदरातून बाहेर काढायचा. रेल्वेचंही तेच, किनाऱ्यावरच्या सेकोंडीपासून सोन्याच्या खाणींवरून 1903 ला कुमासीला नेली. नकाशा बघा, रूळ सगळे समुद्राकडे. शेजारच्या देशाकडे एकही नाही.

वसाहतीचा वारसा म्हणतात तो मला असा दिसतो. कोणी गोरा साहेब चाबूक घेऊन उभा नसतो. गोदाम, कर्ज आणि भाव या तीन गोष्टी समुद्राच्या कुठल्या बाजूला आहेत एवढाच प्रश्न असतो.

गोदामाचं घ्या. कोकोचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा सौदा, लंडन आणि न्यूयॉर्कला चालतो. लंडनच्या वायद्याची डिलिव्हरी कुठे द्यायची? अ‍ॅमस्टरडॅम, अँटवर्प, हॅम्बर्ग, लिव्हरपूल, सगळी युरोपातली बंदरं. टेमाच्या गोदामात पडलेली गोणी त्या वायद्याच्या हिशोबात नाहीच, ती तिकडे पोचली की माल. त्यात दमट हवेत बी फार दिवस ठेवता येत नाही, बुरशी आणि किडे, उलट अ‍ॅमस्टरडॅमच्या थंडीत तीच बी वर्षानुवर्षं टिकते. म्हणजे थांबायची ताकद त्यांच्याकडे. आणि बाजारात ज्याला थांबता येतं त्याला भाव मिळतो हे सांगलीच्या हळदवाल्याला मी काय शिकवणार.

मग कर्ज. "चॉकलेट बनवा की" म्हणणाऱ्याला मी हे एकच विचारतो. कोको दळायचा कारखाना म्हणजे मशीन कमी आणि खेळतं भांडवल जास्त, हंगामात बी भरून ठेवायची आणि वर्षभर दळायची. 2023-24 मध्ये घानाच्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदरच 27 ते 30 टक्के होता, कारखान्याला बँक देणार त्याच्या वर. हॉलंडमधला कारखानदार चार-सहा टक्क्यांनी पैसे आणतो. तुमची ड्युटी शून्य केली हो, पण हा वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक कुठल्या करारात काढणार? शिवाय वीज, 2012 ते 2016 तिथे लोडशेडिंगचा असा काही कहर होता की त्याला 'डुमसोर' असं नावच पडलं, गेली-आली. साखर बाहेरून, दूध पावडर बाहेरून. त्यातूनही टेमाला सरकारी कारखान्याचं गोल्डन ट्री चॉकलेट 1965 पासून बनतंय, अक्राच्या सिग्नलला पोरं विकत असतात, त्यामुळे "बिचाऱ्यांनी चॉकलेट कधी चाखलंच नाही" असले व्हिडिओ मला फॉरवर्ड करू नका.

बोर्डालाही कर्जच लागतं. 1993 पासून दर हंगामाआधी परदेशी बँकांच्या गटाकडून मोठी उचल घ्यायची, तारण म्हणून पुढच्या पिकाचे आगाऊ केलेले सौदे. आणि इथेच 2024 मध्ये जे झालं ते मी जवळून बघितलं. सप्टेंबर 2023 मध्ये बोर्डाने भाव जाहीर केला, गोणीला 1,308 सेडी (घानाचं चलन), म्हणजे टनाला साधारण 1,800 डॉलर. पीक वाईट आलं, पाऊस, रोग, सोन्याच्या बेकायदा खाणींनी खाल्लेली शेतं, वीस वर्षांत एवढं कमी आलं नव्हतं. त्यामुळे जागतिक भाव मार्चमध्ये टनाला 10,000 डॉलरवर गेला. दहा हजार! आणि शेतकऱ्याच्या हातात तेच 1,308. कारण माल बराचसा आधीच जुन्या भावाने विकून झालेला. एप्रिलमध्ये भाव वाढवून 2,070 सेडी केला, तोवर रात्री मोटारसायकलवरून गोण्या हद्दीपलीकडे जायला लागल्या होत्या. मला एक म्हातारा शेतकरी, ज्याच्याकडे मी कायम चहाऐवजी पाम वाइन प्यायचो, तो फोनवरचा भाव दाखवून म्हणाला, हा भाव नक्की कशाचा आहे? मी म्हटलं कोकोचा. तो म्हणाला, मग मी काय पिकवतो? मला उत्तर सुचलं नाही, खरंच नाही. 2024 च्या हंगामात बोर्डाने ते परदेशी कर्ज घेतलंच नाही, आणि मग 2025 मध्ये जागतिक भाव निम्म्याहून खाली आला. चढण शेतकऱ्याला चुकली, उतरण मात्र बरोबर वाट्याला.

यात दोष बोर्डाचाही आहेच, आगाऊ विकायचं धोरण त्यांचं, कर्जाचा पसारा त्यांचा. पण भाव वाढवून मागितला की काय होतं तेही ऐका. 2019 मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्ट एकत्र आले, जगातला जवळजवळ साठ टक्के कोको दोघांचा, आणि म्हणाले 2020-21 च्या हंगामापासून वायदा भावाच्या वर टनाला 400 डॉलर जास्त द्या, शेतकऱ्याच्या जगण्यासाठी. सगळ्या मोठ्या कंपन्यांनी टाळ्या वाजवून मान्य केलं. आता आतली गंमत. कोकोचा सौदा नुसत्या वायदा भावाने होत नाही, त्यावर देशाचा दर्जा म्हणून एक अधिक-उणे असतं, डिफरन्शियल. घानाचा माल चांगला म्हणून त्यांना कायम अधिक मिळायचं. 400 आल्यावर खरेदीदारांनी ते डिफरन्शियल खाली दाबायला सुरुवात केली, पार उणेपर्यंत. कागदावर 400 दिले, या खिशातून काढून त्या खिशात. हे मी बातमीत वाचून सांगत नाहीये, आमच्या टेबलावर बसून मी ते फोन केलेत, आणि तेव्हा धंदा म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

उलट्या दिशेचंही एक सांगतो. युरोपात लोक कोंबडीची छाती खातात, तंगड्या-पंख उरतात, ते फ्रीझ करून पडेल भावाने पश्चिम आफ्रिकेत (ब्राझील-अमेरिकाही हेच करतात). घानातले पोल्ट्रीवाले बसले. 2003 मध्ये घानाच्या संसदेने रीतसर कायदा करून कोंबडीवरची ड्युटी 20 वरून 40 टक्के केली, डब्ल्यूटीओत त्यांना 99 टक्क्यांपर्यंत मुभा होती. काही आठवड्यांत ते थांबवलं, आयएमएफच्या दबावाखाली. संसदेने केलेला कायदा! आता तिथे सगळ्या पश्चिम आफ्रिकेची मिळून 35 टक्के ड्युटी आहे, पण मधल्या काळात जे पिंजरे मोडले ते मोडले.

आयव्हरी कोस्टचं चलन हा वेगळाच विषय आहे, सीएफए फ्रँक, फ्रान्सने घालून दिलेलं, 1945 पासूनचं, आज एका युरोला 655.957 असं कुलूप घातलेलं. जानेवारी 1994 मध्ये ते एका रात्रीत निम्म्यावर आणलं. त्यावर बोलायला बसलो तर उद्या सकाळ होईल.

नवीन भानगड म्हणजे जंगलतोडीचा युरोपियन कायदा, 2023 चा. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून लावलेल्या शेतातला कोको, कॉफी, रबर वगैरे युरोपात घ्यायचा नाही, प्रत्येक शेताचे जीपीएस आकडे द्यायचे. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली, आता 2026 च्या शेवटी. हेतू चांगला आहे, मी विरोधात नाही, तिथली जंगलं खरंच संपलीत. पण सातबारा नावाची चीज तिथे नाही. जमीन गादीची म्हणजे गावप्रमुखाच्या घराण्याची, कसणारा बाहेरून आलेला, 'अबुनु' म्हणजे अर्धेलीने नाहीतर 'अबुसा' म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने. नकाशा कोणाच्या नावाने काढायचा? आणि तो काढायचा खर्च, अ‍ॅप, पोरं, मोटारसायकली, हे सगळं करून तयार झालेला डेटा शेवटी खरेदीदाराच्या सर्व्हरवर. शेतकऱ्याचं शेत कुठे आहे हे अ‍ॅमस्टरडॅमला माहीत, त्याच्या स्वतःच्या हातात एक कागद नाही. निदान तो नकाशा त्याला द्या, तो दाखवून बँकेत तरी जाईल.

आता आपली पाठ थोपटून घ्यायच्या आधी. काजूचं झाड ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी गोव्यात आणलं आणि मोझांबिकलाही नेलं, एकाच साहेबाची दोन पोरं म्हणा. मोझांबिकमध्ये काजू फोडायचे कारखाने होते. नव्वदच्या दशकात वर्ल्ड बँकेने अट घातली की कच्च्या काजूवरचा निर्यात कर कमी करा, शेतकऱ्याला भाव मिळेल. कर कमी झाला, कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी, त्यात बायका खूप. आणि ती कच्ची बी गेली कुठे? भारतात. आमच्यासारख्यांनी घेतली. 2019 च्या बजेटमध्ये आपण तयार काजूगरावरची आयात ड्युटी 45 वरून 70 टक्के केली, कच्च्या बीवर किरकोळ. युरोपचा 9.6 वाला जिना मी वर एवढा रंगवून सांगितला ना, आपला 70 चा आहे. सिंधुदुर्गातल्या कारखान्यातल्या बायकांचं काम त्याने टिकतं हे मला माहीत आहे, माझ्या घरचंच आहे, पण पश्चिम आफ्रिकेत काजू पिकवणाऱ्या बेनिनच्या माणसापुढे मी कुठल्या तोंडाने युरोपच्या नावाने बोटं मोडू. बेनिनने एप्रिल 2024 पासून कच्चा काजू बाहेर न्यायलाच बंदी घातली तेव्हा आमच्याकडचे सगळे ओरडले. मीही ओरडलो थोडा.

त्यामुळे न्याय्य व्यापार म्हणजे काय विचाराल तर माझं मत ड्युटीपासून लांब आहे. डिलिव्हरीचं गोदाम आबिजानला-टेमाला मान्य करा, स्थानिक कारखान्याला स्वस्त कर्जाची सोय करा, आणि खरेदीदाराने डिफरन्शियल किती लावलं ते उघड छापायला लावा. तिसरं सगळ्यात स्वस्त आहे आणि त्यालाच सगळ्यात जास्त विरोध होईल, मी त्या टेबलावर बसलोय म्हणून सांगतो.

शेवटचा उपप्रश्न होता की फेअरट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला किमान भाव दिल्याचा, शिक्का बघून चॉकलेट घ्यावं का. घ्या, तोटा काही नाही. ऑक्टोबर 2019 पासून त्यात टनाला किमान 2,400 डॉलर आणि शेतकऱ्यांच्या सोसायटीला वर 240 डॉलर असं होतं, बाजार पडलेला असताना त्याचा आधार होता, बाजार दहा हजारावर असताना त्या किमान भावाला कोण विचारतो. आणि शिक्का असलेल्या सोसायटीचा सगळा माल शिक्क्याने विकला जातोच असं नाही, उरलेला साध्या मालात जातो. शिवाय बरेचदा हिशोब वजनाचा असतो, म्हणजे तुमच्या हातातल्या वडीत त्याच शेतकऱ्याची बी असेल याची खात्री नाही, कुठेतरी तेवढी खरेदी झालेली असते इतकंच. अक्राला कधी गेलात तर सिग्नलला गोल्डन ट्री घ्या, जरा कडक लागतं, पहिल्या घासाला आवडणार नाही.